सामायिक वर्कशॉप उभारताना: आधी अर्थिंग, मग पान्हे, मशीन सगळ्यात शेवटी

सोलापुरात हाताने काम जाणणाऱ्यांची वानवा नाही. पूर्व भागातला जॉबर (लूम दुरुस्त करणारा कारागीर) लूमच्या आवाजावरून कुठला पार्ट घासलाय ते सांगतो. युनिफॉर्मच्या कारखान्यातला मेकॅनिक शिलाई मशीनचं टायमिंग डोळे मिटून लावतो. अक्कलकोट-मोहोळकडचे शेतकरी फवारणी पंपाचे स्वतःच बदल करतात. कमी आहे ती जागा. घट्ट बसवलेली व्हाइस (काम पकडून ठेवणारा शिकंजा), सरळ भोक पाडणारं ड्रिल, वेल्डिंगचा कोपरा आणि शेजारी विचारायला चार जाणकार, हे एका छपराखाली मिळत नाही. एका माणसाला वर्षातून चारदा लागणारं पिलर ड्रिल चाळीस जणांनी मिळून घेतलं तर ते रोज चालतं. सामायिक वर्कशॉपचं गणित एवढंच आहे.

हे गणित बहुतेक ठिकाणी खरेदीच्या क्रमात चुकतं. वर्गणी जमते, पहिला पैसा थ्रीडी प्रिंटरवर किंवा लेझर कटरवर जातो, आणि भिंतीवर एक चांगली कानस नसते. सहा महिन्यांत प्रिंटर धूळ खातो आणि लोक येईनासे होतात. म्हणून क्रम ठरवून घ्या: वायरिंग आणि अर्थिंग, उजेड, कामाचा बाक आणि व्हाइस, हातहत्यारं, त्यानंतर ड्रिल, ग्राइंडर आणि वेल्डिंग. बाकीच्या मशीनचं दुसऱ्या वर्षी बघा.

शक्य असेल तर आधी पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमाला एक चक्कर मारा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब (संगणकावर चालणाऱ्या मशीनची सामायिक कार्यशाळा) २००२ मध्ये तिथेच, एका दुष्काळी गावात, उभी राहिली. मशीन किती आहेत ते मोजत बसू नका. हत्यारं कशी ठेवलीत आणि शिकणारी मुलं कुठल्या क्रमाने काम हातात घेतात, ते बघा.

जागा: लूमचा रिकामा गाळा घेताना

सुरुवातीला २० बाय ३० फुटांचा गाळा पुरतो. पूर्व भागात किंवा एमआयडीसीत बंद पडलेल्या पॉवरलूमचे गाळे मिळतात. छत उंच, दार मोठं, थ्री फेज आधीच आलेली, त्यामुळे जागा कामाची असते. तरी भाडेकरार करण्याआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट मीटर. महावितरणच्या दरपत्रकात पॉवरलूमसाठी वेगळा वर्ग आहे. लूमच्या नावाने मंजूर असलेल्या जोडणीवर वर्कशॉप चालवलं, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, आणि ती मागच्या काळाचीही लागते. मालक ‘चालतंय की’ म्हणाला तरी वापराचा वर्ग बदलून घ्या, आणि करारात तशी ओळ लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, आणि ही जास्त धोक्याची: सुताचा फ्लफ. ज्या गाळ्यात वर्षानुवर्षं टॉवेल-चादरी विणल्या गेल्या, तिथे कैच्यांवर (छत तोलणाऱ्या चौकटींवर), पाइपांवर, जुन्या स्विच बोर्डाच्या आत करडा मऊ थर बसलेला असतो. बोटाने खरवडला तर फेल्टच्या तुकड्यासारखा निघतो. हा थर ठिणगीने भडकन पेटत नाही. आतल्या आत धुमसत राहतो आणि दोन तासांनी, कुलूप लावून सगळे घरी गेल्यावर, पेट घेतो. म्हणून पहिली ठिणगी पडण्याआधी गाळा वरून खाली साफ करा: आधी कैच्या आणि पत्रा, मग भिंती, मग फरशी. एक दिवस तसाच जाऊ द्या, हवेत उडालेला फ्लफ खाली बसतो, मग पुन्हा एकदा साफ करा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्याने फ्लफ जात नाही, फक्त जागा बदलतो, आणि बरोबर मोटरच्या जाळीत किंवा डीबीत (वीज वाटपाच्या पेटीत) जाऊन बसतो. व्हॅक्युम आणि ओलं फडकं वापरा. जुना लाकडी स्विच बोर्ड साफ करत बसू नका, काढून टाका.

गाळ्याची आखणी करताना ग्राइंडरची ठिणगी दहा मीटरपर्यंत जाऊ शकते हे धरून चाला. तीस फूट म्हणजे नऊ मीटर, म्हणजे तुमच्या गाळ्यात ती पोचणार नाही असा कोपराच नाही. वेल्डिंग आणि ग्राइंडिंग दाराजवळ घ्या, तीन बाजूंनी सहा फूट उंच पत्र्याचा आडोसा करा. लाकूडकाम, कापड, सोल्डरिंग समोरच्या टोकाला. शहाबादी फरशीवर थेट गॅस कटिंग करू नका; तापलेली फरशी चटकन फुटते आणि तिच्या कपच्या उडतात. खाली वाळूचा थर किंवा जाड पत्रा टाका.

वायरिंग, आणि काळ्या मातीतलं अर्थिंग

परवानाधारक वायरमनकडूनच काम करून घ्या, पण काय करून घ्यायचं ते तुम्हाला माहीत असू द्या.

प्रत्येक मोठ्या मशीनला स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच). हातातल्या मशीनच्या सगळ्या सॉकेटना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). या सॉकेटना २.५ चौरस मिमी तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचा एमसीबी पुरतो. वेल्डिंग मशीनला ६ चौरस मिमी वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि ३२ अँपिअरचाच इंडस्ट्रियल सॉकेट द्या. सिंगल फेजचा इन्व्हर्टर वेल्डर ८० अँपिअरवर लावला तरी लाइनमधून १५ अँपिअरच्या आसपास ओढतो. करंट वाढवला की घरगुती १६ अँपिअरचा प्लग तापून वितळतो. आणि एक्स्टेन्शन बोर्डाची वायर गुंडाळलेली ठेवून त्यावर ग्राइंडर चालवायचा नाही. वेटोळ्यात उष्णता कोंडते आणि वायरचं आवरण आतून चिकटतं. वायर पूर्ण उलगडून घ्या.

दिव्यांचा एमसीबी वेगळा. मशीन ट्रिप झाली म्हणून फिरत्या चकतीसमोर अंधार व्हायला नको. जुन्या चोकच्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण ठरावीक वेगाला फिरतं ड्रिल थांबल्यासारखं दिसतं. चांगल्या ड्रायव्हरचे दिवे घ्या आणि ते तीन फेजवर वाटून द्या.

लाइट जाणं-येणं आपल्याकडे नवीन नाही, म्हणून प्रत्येक स्थिर मशीनला नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर हवाच. साध्या खटक्यावर चालणारं ड्रिल लाइट गेल्यावर थांबतं. माणूस चकमधला ड्रिल बदलायला हात घालतो, लाइट येते आणि मशीन आपोआप फिरायला लागतं. स्टार्टर असेल तर हिरवं बटण दाबल्याशिवाय ते फिरत नाही. देणगीत आलेल्या जुन्या मशीनमध्ये नेमका हाच स्टार्टर काढून खटका बसवलेला असतो. आधी तो बदला, मग मशीन वापरा.

अर्थिंगबद्दल सोलापूरकरांनी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यायला हवी. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मेमध्ये शेतात भेगा पडतात, तशाच त्या अर्थिंगच्या खड्ड्यातही पडतात. माती इलेक्ट्रोडपासून सुटते आणि ऑगस्टमध्ये उत्तम असलेलं अर्थिंग मे महिन्यात निकामी होतं. त्यामुळे मोजणी मेमध्ये करा. रोध ५ ओहमच्या आत हवा. खड्ड्यात बेंटोनाइटचं (ओलावा धरून ठेवणाऱ्या चिकणमातीचं) भरण टाका. कोळसा-मीठ भरलेला खड्डा असेल तर उन्हाळ्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी घाला. खड्डे दोन घ्या, त्यांच्यात इलेक्ट्रोडच्या लांबीच्या दुप्पट अंतर ठेवा, आणि थ्री फेज मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थ वायर जोडा. आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण दर महिन्याच्या एक तारखेला दाबून बघा. ट्रिप झाला नाही तर तो त्याच दिवशी बदला.

पहिलं काम: बाक

विकतचा बाक आणू नका. सभासदांनी मिळून पहिलं काम हेच करायचं, कारण मापन, कटिंग, गुण्या लावून काटकोन बघणं आणि वेल्डिंग सगळं त्यात येतं, आणि पुढची वीस वर्षं त्यावरच काम होणार असतं.

माप १.८ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद. ५० बाय ५० बाय ५ मिमीचा अँगल घ्या. पायांसाठी ८० सेंटिमीटरचे चार तुकडे, वरच्या आणि खालच्या फ्रेमसाठी १.८ मीटरचे चार आणि ६० सेंटिमीटरचे चार. एकूण १२.८ मीटर. अँगल सहा मीटरच्या लांबीत येतो, म्हणून तीन नग घ्या. कटिंग असं करा: पहिल्या नगातून १.८ चे तीन, दुसऱ्यातून १.८ चा एक, ६० चे चार आणि ८० चे दोन. तिसऱ्यातून ८० चे उरलेले दोन. राहिलेल्या चार मीटरच्या वरच्या तुकड्यातून मधल्या आडव्या पट्ट्या निघतात. हा अँगल मीटरला ३.८ किलो भरतो, म्हणजे तीन नगांचे साधारण ६८ किलो. दुकानात वजनावर भाव लागतो, तेव्हा काट्यावरचा आकडा या हिशोबाशी ताडून बघा. वजन बरंच कमी भरलं तर अँगल पाच मिमीचा नाही, चारचा आहे.

फ्रेम जमिनीवर मांडा, चारही कोपऱ्यांना फक्त टाके मारा आणि दोन्ही कर्ण मोजा. १८९.७ सेंटिमीटर यायला हवेत. दोहोंत २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णावर हातोडीने ठोकून आणा. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांना आलटून पालटून वेल्ड करा. एकच कोपरा पूर्ण वेल्ड करून पुढे गेलात तर थंड होताना तो फ्रेम ओढतो, आणि बाक आयुष्यभर तीन पायांवर डुलतो. २.५ मिमीची रॉड, ७० ते ८० अँपिअर. रॉड पावसाळ्यात दमट झाली की वेल्डच्या मण्यात छिद्रं पडतात आणि आर्क फडफडतो. उघडा पुडा झाकणबंद डब्यात ठेवा.

वरती १९ मिमी प्लायवुडचे दोन थर. रुंदी ६० ठेवली की एकाच ८ बाय ४ च्या शीटमधून दोन्ही थर निघतात. ७५ केली तर दुसरी शीट आणावी लागते. बाक रुंद करण्याआधी एवढं बघा. उंची ८४ सेंटिमीटरच्या आसपास येते. त्यावर सहा इंची व्हाइस बसवली की तिचे जबडे साधारण माणसाच्या कोपराला येतात. कानस आडवी, सरळ चालायला हीच उंची लागते. व्हाइस बाकाच्या मधोमध नको, बरोबर पायाच्या वर घ्या, १२ मिमी बोल्टने आरपार. मधे बसवली तर प्रत्येक ठोक्याला प्लाय नाचतो.

हत्यारं आणि टोकन

चाळीस सभासदांना सुरुवातीला एवढं पुरतं: दोन हॅक्सॉ फ्रेम, सपाट-अर्धगोल-गोल कानशी प्रत्येकी दोन (मुठी बसवलेल्या, बिनमुठीच्या कानशीचं शेपूट तळहातात घुसतं), ६ ते ३२ मिमी पान्ह्यांचे दोन संच, पक्कड, गुण्या, सेंटर पंच, व्हर्निअर, एम ६, एम ८, एम १० चे टॅप-डाय (आटे पाडायची हत्यारं), सहा सी-क्लॅम्प, लाकडासाठी करवत, रंधा, पटाशीचा संच, एक मल्टिमीटर आणि तापमान ठरवता येणारी सोल्डरिंग गन. क्लॅम्प नेहमी कमी पडतात, म्हणून त्यावर कंजुसी नको. ड्रिल आणि हॅक्सॉची पातीही चांगल्या कंपनीची घ्या. स्वस्त ड्रिल एकदा निळं पडलं की धार लावूनही टिकत नाही.

पात्याचे दात ठरवताना नियम सोपा आहे: कापताना किमान तीन दात धातूवर हवेत. भरीव सळईला इंचाला १८ दात, अँगल-पाइपला २४, पातळ पत्र्याला ३२. पात्यावरचा बाण पुढच्या बाजूला.

सामायिक जागेत हत्यारं चोरीपेक्षा विसरण्याने जास्त जातात. त्यावर जुन्या कारखान्यांच्या टूल रूममधली टोकनची रीत अजून सर्वांत चांगली आहे. भिंतीवर प्लाय लावा, प्रत्येक हत्यार खुंटीवर टांगा आणि त्याची कडा रंगाने आखून घ्या. प्रत्येक सभासदाला त्याच्या क्रमांकाची पाच टोकनं द्या. हत्यार काढलं की खुंटीला टोकन. संध्याकाळी भिंतीकडे एक नजर टाकली की कुठलं हत्यार बाहेर आहे आणि कुणाकडे, दोन्ही कळतं. वही ठेवू नका. काळ्या हातांनी कोणी लिहीत नाही. पाटी मराठीबरोबर तेलुगूतही लावा, आणि जिथे बोटाला धोका आहे तिथे चित्र काढा.

मशीनला हात लावण्याआधीचा जॉब

नवीन सभासदाला भाषण देऊ नका, एक जॉब द्या. २५ बाय ५ मिमीची पट्टी १२० मिमी लांब कापायची, दोन्ही टोकं गुण्यात कानसायची, मध्यावर पंच करून ८.५ मिमीचं भोक पाडायचं आणि त्यात एम १० चे आटे पाडायचे. दोन तासांचं काम. शेजारी उभं राहिलं की माणसाची सगळी सवय दिसते.

ड्रिलिंगला पट्टी हाताने धरतो का, हे बघा. भोक आरपार होण्याच्या क्षणी ड्रिलची धार उरलेल्या पातळ धातूत अडकते आणि पट्टी ड्रिलबरोबर फिरते. हातात धरलेली पट्टी त्या वेळी सुरी असते. ती मशीन-व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पने बांधलेलीच हवी, आणि शेवटच्या मिलिमीटरला दाब कमी. आधी ४ मिमीचं भोक, मग ८.५. लोखंडाला ८.५ मिमी ड्रिल मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आसपास चालवा. ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत. खांद्यावरचा टॉवेल, ओढणी, पदर, मोकळे केस हे दाराजवळच्या खुंटीवर किंवा घट्ट बांधून. आपल्या गावात खांद्यावर टॉवेल असणारच, म्हणून ती खुंटी खरोखर ठोका. नुसत्या सूचनेने टॉवेल उतरत नाही.

टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल घालत. टॅप तुटतो तो बहुधा दोन कारणांनी: भोक ८.५ ऐवजी ८ चं पाडलं, किंवा टॅप सुरुवातीलाच तिरका गेला. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर गुण्या लावून बघायला शिकवा.

हा जॉब जमला की ड्रिल आणि बेंच ग्राइंडर वापरायची परवानगी. हँड ग्राइंडर आणि वेल्डिंगची वेगळी. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांनी फिरतो. त्याचं गार्ड काढून मोठी चकती बसवण्याची खोड गावात सर्रास दिसते. चौदा इंची चकती साधारण ४,३०० फेऱ्यांसाठी बनवलेली असते, सात इंचीही अकरा हजारांसाठी नसते. चकती फुटली की तुकडा थेट तोंडावर येतो. गार्ड काढलेला ग्राइंडर दिसला तर त्या दिवसाची परवानगी रद्द, मग माणूस कितीही जुना असो. चकतीच्या मधल्या पत्र्यावर मुदतीचा महिना-वर्ष छापलेलं असतं, ते बघूनच बसवा. बेंच ग्राइंडरवर टेकू आणि दगड यांच्यातली फट ३ मिमीपेक्षा जास्त नको. नवा दगड बसवण्याआधी लाकडी मुठीने हलकं वाजवा: खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत चीर आहे.

प्रिंटर, लेझर आणि सोलापूरचं ऊन

दुसऱ्या वर्षी ही मशीन घेतलीत तर आपल्या उन्हाचा विचार करून घ्या. प्रिंटरमध्ये वापरलं जाणारं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला पीएलएचा पार्ट वाकडा होतो, मोटरला चिकटून बसवलेलाही. लूम किंवा फवारणी पंपावर लागणारे पार्ट पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये काढा. ते ८० अंशांपर्यंत तग धरतं. पावसाळ्यात फिलामेंट (प्रिंटरची प्लास्टिकची तार) ओलावा धरतं, छपाई करताना चुरचुर आवाज येतो आणि थर एकमेकांना धरत नाहीत. हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा.

लेझर कटरच्या नळीला थंड पाणी लागतं. बादलीतलं पाणी मेमध्ये आधीच तीसच्या पुढे असतं, त्यामुळे चिलरशिवाय उन्हाळ्यात लेझर चालवू नका, आणि नळात येणारं क्षाराचं पाणी नको, डिस्टिल्डच घाला. रेक्झिन आणि पीव्हीसी लेझरवर कधीच कापायचं नाही. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो. छातीला बाधतो आणि मशीनच्या रेल्स आठवड्यात गंजवतो. पिशव्या-पर्सचं काम करणारे हाच तुकडा घेऊन येणार, म्हणून मशीनवरच ठळक लिहा.

पत्र्याच्या छताला बाहेरून पांढरा चुना मारा, आणि मार्च ते जून सकाळी ६ ते १० व संध्याकाळी ५ ते ९ एवढीच वेळ ठेवा. दुपारी घामेजलेल्या हाताने वेल्डिंगचा होल्डर धरणं शॉकला आमंत्रण आहे.

पैसा आणि नोंदणी

नोंदणी सोपी आहे: किमान सात जण, संस्था नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, धर्मादाय कार्यालयात अर्ज. भाडेकरार, मीटर आणि विमा संस्थेच्या नावावर घ्या, कुणा एकाच्या नावावर नको.

वर्गणी काढताना सगळे देतील असं धरू नका. समजा भाडं ८,०००, वीज ३,५००, किरकोळ सामान ४,५००, दुरुस्ती निधी ४,०००; महिन्याला २०,०००. चाळीस सभासदांना भागलं तर ५०० येतात, पण चौथा हिस्सा दर महिन्याला थकणार. तीसने भागा, ६६७ येतात, म्हणून ७०० ठरवा. चकत्या, रॉड, ड्रिल, फिलामेंट वर्गणीत धरू नका, वापरेल त्याने मोजून पैसे द्यावेत. नाहीतर एक जण घराचं गेट करून घेतो आणि बाकीचे त्याच्या रॉडचे पैसे भरतात. वाद नेमका इथे सुरू होतो. दुरुस्ती निधीला मात्र कुठल्याही कारणाने हात लावू नका.

बंद करताना

आगीसाठी सहा किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर दाराजवळ, डीबीजवळ कार्बन डायऑक्साइडचा एक, आणि वाळूच्या दोन बादल्या. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा २०० लिटरचा एक ड्रम फक्त आगीसाठी भरलेला ठेवा आणि हात धुवायला दुसरा. लोक पहिलाच ड्रम वापरतात, म्हणून त्याला तोटीच लावू नका. झाकण आणि बादली पुरे.

वर्कशॉप बंद होण्याच्या एक तास आधी वेल्डिंग आणि ग्राइंडिंग थांबवा. पहिला अर्धा तास झाडलोट, टोकनं आणि भिंत तपासणं. तेलाची फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. उरलेला अर्धा तास एका सभासदाने नुसतं थांबायचं, आडोशाच्या मागे, बाकाखाली, कैच्यांच्या कोपऱ्यात बघत आणि वास घेत. मग मेन स्विच खाली ओढायचा, बॅटरीच्या उजेडात पुन्हा एक फेरी मारायची, कारण धुमसणारा फ्लफ अंधारात आधी दिसतो, आणि नंतर कुलूप.